चाळिशीतला नमस्कार

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



व्यायाम करावा, वेळेवर जेवावं, वेळेवर झोपावं, हे सांगायला खरं तर कुणाच्या भाषणाची गरज नाही. शाळेत असल्यापासून आपण ते ऐकत आलो आहोत आणि आता आपल्या मुलांना ऐकवत आहोत. माहितीची अडचण कुणालाच नाही. अडचण आहे ती जागेची. सकाळी नळाला पाणी यायची वेळ, मुलांचे डबे, एसटी पकडायची घाई, दिवसभर नोकरी नाहीतर दुकान, संध्याकाळी बाजार आणि मुलांचा अभ्यास. या सगळ्यात व्यायामाला जागा करायची कुठे? म्हणून आज व्यायामाचे फायदे मी थोडक्यात सांगेन आणि तो चालू कसा राहतो, याबद्दल जरा सविस्तर बोलेन.

आपला सातारा-सांगलीचा मुलूख तालमींचा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आले. असा वारसा असलेल्या भागाला व्यायाम शिकवायला जाणं म्हणजे कृष्णाकाठी पाणी विकण्यासारखं आहे.

पण याच वारशातून एक समजूत आपल्यात घट्ट बसली आहे. व्यायाम म्हणजे पोरांचं काम. मिसरूड फुटलं की तालमीत जायचं आणि लग्न झालं, नोकरी लागली, की लंगोट खुंटीला टांगायचा. गंमत अशी, की व्यायाम सुटतो, पण खुराक सुटत नाही. दूध, तूप, मटणाचा रस्सा तसाच चालू राहतो. विशीत जे अंगी लागायचं, ते चाळिशीत पोटाला लागतं. आणि नेमक्या याच वयात रक्तदाब, साखर आणि हृदयविकार दार ठोठावू लागतात. घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, की आजारी तो एकटा पडत नाही. मुलांचं शिक्षण, घराचं कर्ज, म्हाताऱ्या आई-वडिलांचं औषधपाणी, सगळंच अडतं. म्हणून मी आज बोलणार आहे ते पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्या माणसांशी.

औंधच्या राजांचं उदाहरण

या वयाच्या माणसासाठी एक चांगलं उदाहरण आपल्याच भागात आहे. औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. औंध संस्थान लहान आणि विखुरलेलं. औंध गाव आजच्या सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात, तर संस्थानातले आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात. म्हणजे ही गोष्ट दोन्ही जिल्ह्यांची.

भवानरावांचा जन्म १८६८ चा. त्या काळी युजेन सँडो या बलदंड माणसाचं नाव जगभर गाजत होतं. त्याच्या पद्धतीचा व्यायाम साधनांच्या मदतीने घरी करायची तेव्हा लाट आली होती. भवानरावांनीही ती साधनं आणि पुस्तकं मागवली आणि सुमारे दहा वर्षं तो व्यायाम नेमाने केला. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले. नमस्कार घालायची चाल आपल्याकडे आधीपासून होतीच. भवानरावांनी त्याला रोजच्या व्यायामाची शिस्तशीर बैठक दिली. त्या वेळी ते चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, ते गादीवर आले.

त्यानंतर त्यांनी नमस्काराचा ध्यासच घेतला. मराठीत पुस्तक लिहिलं, १९२८ मध्ये इंग्रजीतून लिहिलं, आणि १९३८ मध्ये लंडनच्या प्रकाशकाने त्यांचं नमस्कारावरचं पुस्तक तिकडच्या वाचकांसाठी काढलं. संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले. स्त्रियांनीही ते घालावेत असा त्यांचा आग्रह होता. १९५१ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, ते निवर्तले.

आता कुणी म्हणेल, ते राजे होते, त्यांना काय कमी होतं? पण बघा, राजेसाहेबांना हवी ती साधनं मागवणं शक्य होतं. तरीही त्यांनी जन्मभरासाठी निवडला तो सतरंजीएवढ्या जागेत होणारा, पैसा न लागणारा व्यायाम. मला यातून तीन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात. पहिली, चाळिशी हे व्यायाम बदलायचं किंवा नव्याने सुरू करायचं वय असू शकतं. दुसरी, ज्या व्यायामाला कमी सामान आणि कमी जागा लागते, तो बाहेरगावी, पावसात, पाहुणे आले तरी चालू राहतो. तिसरी, नमस्काराला मोजणी आहे. आज बारा घातले की झाले. 'थोडा व्यायाम करू' असं म्हटलं की तो उद्यावर जातो, 'बारा नमस्कार' म्हटलं की ते संपवता येतात.

एक गोष्ट मात्र घेण्यासारखी नाही, ती म्हणजे सक्ती. शाळेतली कवायत आपण सगळ्यांनी केली आहे. शाळा सुटली त्या दिवशी कवायतही सुटली. दुसऱ्याच्या शिट्टीवर केलेला व्यायाम शिट्टी थांबली की थांबतो. घरातल्या माणसांनाही हे लागू आहे. नवऱ्याला टोमणे मारून किंवा सुनेला उपदेश करून कुणी चालायला लागत नाही. सोबत चालायला गेलं तर लागतं.

किती केलं म्हणजे पुरे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम करावा. त्याशिवाय आठवड्यातून दोन दिवस तरी स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम असावा. १५० मिनिटं म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, रोज अर्धा तास. रोजच्या रोज करायचं म्हटलं तर जेमतेम २२ मिनिटं.

मध्यम श्रम ओळखायला यंत्र लागत नाही. चालताना शेजारच्याशी बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम वेग. दोन शब्दांनंतर दम घ्यावा लागला तर तो जोराचा. आणि निवांत गाणं म्हणत चालता येत असेल, तर पाऊल थोडं उचला.

पूर्वी असं सांगत, की सलग दहा मिनिटांपेक्षा कमी चाललेलं धरायचं नाही. २०२० मध्ये ही अट काढून टाकली गेली. पाच मिनिटांचा जिनाही आता हिशोबात धरला जातो. कामाच्या माणसासाठी ही मोठी सवलत आहे. स्टँडवरून कचेरीपर्यंत रिक्षाऐवजी पायी, दुपारचा डबा खाल्ल्यावर आवारात दोन फेऱ्या, रात्रीच्या जेवणानंतर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येणं, हे सगळं जमेत धरा.

रोज दहा हजार पावलांचंही असंच. मोबाईलवर पावलं मोजणारे पुष्कळ जण हा आकडा गाठला नाही म्हणून खट्टू होतात. हा आकडा आला जपानमधून. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तिथे पावलं मोजायचं एक यंत्र विक्रीला आलं आणि त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं यंत्र' अशा अर्थाचं होतं. अलीकडच्या अभ्यासांत सात हजारांच्या आसपासही चांगला फायदा दिसला आहे. आणि जो दोन हजारांवर आहे, त्याने चार हजारांवर जाणं हीसुद्धा मोठी कमाई आहे.

जेवणानंतर चालण्याचं एक खास कारण आहे. जेवल्यावर रक्तातली साखर वाढते. चालताना पायांचे मोठे स्नायू काम करू लागले, की ते ही साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी इन्सुलिनवर फारसे अवलंबून राहत नाहीत. म्हणून मधुमेह असलेल्यांना किंवा त्याच्या काठावर असलेल्यांना जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची फेरी विशेष उपयोगी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तेव्हा हा काठ आपल्यापासून फार लांब नाही.

चालण्याने हृदयाला आणि साखरेला फायदा होतो, पण हाता-खांद्यांच्या स्नायूंना फारसं काम मिळत नाही. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात. पुढे सत्तरीत खुर्चीवरून हात न टेकता उठता येईल की नाही, हे आज ठरत असतं. नमस्कार, बैठका, भिंतीला हात टेकून काढलेले जोर यांचा उपयोग इथे होतो. पासष्टीच्या पुढे तोल सांभाळण्याचा सरावही हवा. ओट्याला धरून एका पायावर थोडा वेळ उभं राहणं हा त्याचा सोपा प्रकार.

कष्ट म्हणजे व्यायाम का?

खेड्यातल्या श्रोत्यांचा यावर नेहमीचा प्रश्न असतो. दिवसभर रानात राबतो, आणखी व्यायाम कशाला? प्रश्न रास्त आहे. ऊस तोडणाऱ्या, मोळ्या वाहणाऱ्या माणसाला व्यायाम कर म्हणणं ही त्याची थट्टा आहे. त्याला विश्रांती आणि पुरेसं अन्न हवं. पण प्रत्येकाने आपलं आजचं काम प्रामाणिकपणे तपासावं. मोटेच्या जागी मोटर आली, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, उसाला ठिबक आलं, आणि घरापासून रानापर्यंत मोटारसायकल आली. शेती आहे, पण शेतकऱ्याचं चालणं कमी झालं. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या, बेदाण्याच्या व्यापारात हमालाच्या अंगाला भरपूर काम आहे, पण गादीवर बसणाऱ्याच्या नाही.

कामाचा आणि हृदयाचा हा संबंध पहिल्यांदा नीट मांडला लंडनच्या जेरी मॉरिस या डॉक्टरांनी. त्यांनी तिथल्या दुमजली बसवरच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली. १९५३ मध्ये निष्कर्ष छापले. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिन्यावरून खाली-वर करणाऱ्या कंडक्टरला हृदयविकार कमी होता. मग त्यांनी स्वतःच एक शंका काढली: ड्रायव्हर मुळातच जाडे असतील तर? त्यासाठी त्यांनी गणवेशाची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखर मोठ्या होत्या, तरुणपणापासूनच. म्हणजे सगळं श्रेय एका जिन्याला देता येत नव्हतं. पण टपाल खात्यातही तसंच चित्र दिसलं. फिरणाऱ्या पोस्टमनपेक्षा बसून काम करणाऱ्या कारकुनाला धोका जास्त. पुढच्या अनेक दशकांच्या अभ्यासांनी ही दिशा पक्की केली. आपल्या एसटीतही ड्रायव्हर आणि कंडक्टर असतात. आपलं काम या दोघांपैकी कुणासारखं आहे, हे ज्याने त्याने पाहावं. ड्रायव्हरसारखं असेल, तर अर्ध्या तासाने एकदा उठायचं, पाणी स्वतः आणायचं, फोन उभ्याने घ्यायचा.

बायकांची अडचण वेगळी. २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतातली सुमारे निम्मी प्रौढ माणसं पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के. घरकामात दमणूक खूप होते, पण ते बरंचसं उभ्याने किंवा वाकून, एकाच जागी होतं. दम लागेल अशी हालचाल त्यात थोडी. शिवाय सकाळची वेळ घरातल्या सगळ्यांची असते, फक्त तिची नसते. इथे उपदेश तिला नको, घराला हवा. सकाळी अर्धा तास चहा दुसऱ्या कुणी केला, डबा दुसऱ्या कुणी भरला, तर ती चालायला जाऊ शकेल. शेजारणींनी मिळून ठरवलं, तर 'एकटी कुठे चालली' हा प्रश्नही उरत नाही आणि अंधाराची भीतीही कमी होते.

खाडा आणि सवय

आता मुख्य मुद्दा. सवय लागते कशी? लंडनच्या एका विद्यापीठात ९६ जणांवर एक अभ्यास झाला. प्रत्येकाने एक साधी नवी गोष्ट निवडायची आणि ती रोज ठरावीक प्रसंगाला जोडून करायची, उदाहरणार्थ न्याहारीनंतर. ती गोष्ट आपोआप व्हायला लागायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. कुणाचं १८ दिवसांत भागलं, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशोब निघाला. पाण्याचा पेला प्यायची सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. 'एकवीस दिवसांत सवय' असं जे सांगतात, ते विसरून जा. तीन आठवड्यांनी कंटाळा आला, तर तुमच्यात काही उणं नाही. सवय अजून पिकली नाही, एवढंच.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. एखाद दिवस खाडा झाला, तर सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. आपल्याकडे मात्र उलट होतं. आठ दिवस जातो, नवव्या दिवशी पाऊस येतो, दहाव्या दिवशी 'आता पुढच्या महिन्यापासून' म्हणतो. खाड्याने सवय मोडत नाही. खाड्यानंतर जो राग आपण स्वतःवर काढतो, त्याने ती मोडते. म्हणून नियम असा ठेवा: एक खाडा माफ, लागोपाठ दोन टाळायचे.

दुसरी गोष्ट, व्यायामाला स्वतंत्र वेळ शोधत बसू नका. जे काम रोज होतंच, त्याला तो बांधा. आंघोळ चुकत नाही ना? मग आंघोळीआधी नमस्कार. मुलाला शाळेत सोडायला जाताच ना? मग गाडी तिथेच लावून तिथून पुढे वीस मिनिटं चालणं. रात्री जेवण चुकत नाही ना? मग ताट उचललं की चप्पल पायात.

तिसरी, आपल्या हवेचा विचार आधीच करा. साताऱ्यात पहाटे अजिंक्यताऱ्याकडे आणि चार भिंतीकडे चढणाऱ्यांची वर्दळ असते, सांगलीत आमराईत आणि कृष्णेच्या घाटाकडे फिरणारे दिसतात. पण साताऱ्यात पावसाची झड लागली की आठवडाभर उघडीप नसते. सांगलीत पूर आला की घाटच पाण्याखाली जातो. जत-आटपाडीकडे एप्रिल-मे मध्ये नऊनंतर बाहेर पाऊल टाकवत नाही. तेव्हा बाहेरचा एक आणि घरातला एक, असे दोन व्यायाम ठरवून ठेवा. पाऊस लागला तर काय करायचं, हे पाऊस लागण्याआधी ठरलेलं असावं.

साताऱ्यात २०१२ पासून डोंगरातली अर्धमॅरेथॉन होते, एकवीस किलोमीटरची. ती धावणाऱ्यांचं कौतुकच आहे. पण ती पाहून पहिल्याच दिवशी धावत सुटू नका. सुरुवात इतकी छोटी ठेवा, की नाही म्हणायला लाज वाटावी. तीन नमस्कार, नाहीतर दहा मिनिटं चालणं. दोन आठवड्यांनी थोडं वाढवा.

चहा, मीठ आणि झोप

खाण्यापिण्याचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडे जाईल तिथे चहा मिळतो. दिवसाला पाच कप, कपात दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे. चाळीस ग्रॅमच्या आसपास साखर नुसत्या चहातून. वरून साखर पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, असं आरोग्य संघटना सांगते. चहा सोडायची गरज नाही. कप लहान करा, एक चमचा कमी करा. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक लहान चमचा. त्यात लोणचं, पापड, चटणी आणि संध्याकाळचं भडंगही आलं. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, ताक हे आपलं जुनं जेवण चांगलंच आहे. प्रमाण सांभाळलं की झालं. तंबाखू आणि मशेरी मात्र कमी करायच्या गोष्टी नाहीत, सोडायच्या आहेत. आणि पहाटे उठायचं तर रात्री लवकर झोपायला हवं. झोपेतून वेळ चोरून केलेला व्यायाम फार दिवस चालत नाही.

एक सावधगिरी. छातीत दुखणं, थोड्या श्रमाने धाप लागणं, चक्कर येणं असा त्रास असेल, किंवा हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, काचबिंदू, कमरेचं जुनं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. नमस्कारात डोकं खाली जातं, मनगटांवर आणि गुडघ्यांवर भार येतो. तो सगळ्यांना मानवतोच असं नाही. न मानवल्यास चालणं आहे, खुर्चीवर बसून-उठून करायच्या बैठका आहेत. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी व्यायाम वाढवताना डॉक्टरांना सांगावं, कारण साखर एकदम उतरू शकते.

श्रोतेहो, भिंतीवरची दिनदर्शिका दूधवाल्याचे खाडे मांडायला आपण वापरतोच. त्याच चौकोनात व्यायाम झाला त्या दिवशी पेन्सिलने एक छोटी रेघ ओढा. घरात कुणाला सांगू नका, मोबाईलवर कुणाला पाठवू नका. दोन-अडीच महिन्यांनी पानं उलटून बघा. रेघा रिकाम्या चौकोनांपेक्षा जास्त दिसल्या, तर तुमच्या दिवसात व्यायामाला जागा झाली असं समजा. आणि रिकामे चौकोन जास्त दिसले, तर वेळ बदलून बघा, व्यायाम बदलून बघा. भवानरावांनीही दहा वर्षं केलेला व्यायाम बदललाच होता.